त्साओ बाईंची अट

नवरा निवडताना पेइ शानने जेवढा विचार केला नव्हता, तेवढा लेकीच्या चिनी शिकवणीचा केला. हे तिच्या नवऱ्याचं, बून किआतचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. शुआन वर्षभरात पहिलीत जाणार होती. सिंगापुरात पहिलीत जायचं म्हणजे त्याआधी पहिली उरकलेली असावी लागते. त्यात आईबाप एकमेकांशी इंग्रजीत भांडणारे, मग मँडरिन, म्हणजे शाळेतली चिनी, पोरीच्या कानावर पडणार कुठून?

पेइ शान तीन ठिकाणी जाऊन आली. पहिल्या वर्गात गाणी आणि बाहुल्या होत्या, तिथून शुआनला अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं. दुसऱ्यात पोरं अक्षरं गिरवता गिरवता पेंगत होती. तिसरा त्साओ बाईंचा. तिथे जागा मिळावी म्हणून लोक पोर रांगायला लागायच्या आत नाव घालतात. बाई उत्तर चीनमधून आलेल्या. पोरासमोर एक चित्र ठेवायचं आणि त्याला बोलायला लावायचं, ही त्यांची प्रवेश परीक्षा.

चित्रात बाजार होता आणि मासा पळवणारी मांजर. शुआन घडाघडा बोलली. कोळीण कशी ओरडते, मांजर कशी पळते, माशाचं कालवण कोण करणार, सगळं सांगितलं. पण बोलली ती तेओचूत. आईबाप कामावर जायचे आणि पोर जन्मापासून आजीजवळ, आमाजवळ वाढली होती. आमाची भाषा तेओचू, दक्षिण चीनकडची एक बोली.

"ही काय बोलते आहे?" त्साओ बाईंनी विचारलं.

"तेओचू. माझ्या आईची बोली," पेइ शान म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मुलगी हुशार आहे. पण जिभेला भलतं वळण लागलंय, सूर सगळे बोलीचे. मी घेईन तिला, पण माझी एक अट असते. घरी बोली बंद. आजींना मँडरिन येत असेल तर मँडरिन बोला म्हणावं. नाहीतर कमी बोललेलं बरं."

पेइ शान लगेच हो म्हणाली. शाळेत असताना तिच्या ह्याच सुरांवर वर्ग खदाखदा हसायचा. त्या हसण्याला भिऊन ती इंग्रजीच्या आडोशाला गेली ती कायमची. आता ऑफिसात शांघायहून माणसं आली की तिच्या हाताखालच्या पोरीला आत बोलावतात आणि पेइ शान बाहेर बसून राहते. आपल्या लेकीने असं बाहेर बसू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यात तिचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

"बाहुल्यांच्या त्या वर्गात पोरगी हसत होती," घरी बून किआत म्हणाला.

"हसून परीक्षा पास होत नाहीत."

"मग तुझ्या आईला कोण सांगणार? मला नको हं मध्ये घेऊ!"

सांगितलं पेइ शाननेच. तिची आई, गेक चू, स्वयंपाकघरात सुकी अळंबी भिजत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरं. बाई शिकलेली आहे, तिला कळत असेल," ती म्हणाली. मग खिडकीतल्या कुंडीकडे मान वळवून म्हणाली, "आणि मिरचीच्या झाडाशी? त्याला आपली भाषा चालेल ना, का त्याचीही परीक्षा आहे?"

पेइ शान हसली. आईने मनाला लावून घेतलं नाही असं तिला वाटलं. माणूस आपल्या सोयीचं किती पटकन मानतो!

गेक चूची मँडरिन टीव्हीवरच्या राजवाड्याच्या मालिकांतून उचललेली. ती पोरीला जेवायला बोलवायची ते एखाद्या दासीने महाराणीला विनवावं तसं. शुआन खिदळायची, "आमा, चूक! परत म्हण!" आमाही सुरुवातीला हसली. मग तिची वाक्यं आखडत गेली. खा. झोप. हात धू. दुपारच्या गोष्टी बंद झाल्या, कारण गोष्टींना पुरेल एवढी मँडरिन तिच्यापाशी नव्हतीच. शुआन मात्र भराभर पुढे गेली आणि त्साओ बाई तिचं तोंडभरून कौतुक करू लागल्या. आई गप्प गप्प असते हे पेइ शानला दिसत होतं. वय झालं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

एप्रिलात चेंगबेंग आला, पितरांना जेवू घालायचा दिवस. पेइ शानचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या अस्थी ज्या इमारतीत आहेत तिथे सगळे गेले. कोनाड्यापुढे बदकाचं मटण, संत्री आणि त्यांना आवडायची तशी बिनसाखरेची काळी कॉफी मांडली. उदबत्त्या निम्म्या जळाल्या, की दोन नाणी टाकून विचारायचं, पोट भरलं का? एक छापा एक काटा पडला तर भरलं. मगच पानं उचलायची. विचारायचा मान गेक चूचा.

तिने नाणी ओंजळीत धरली. शुआन तिची बाही धरून शेजारी उभी होती. गेक चूने घसा खाकरला आणि मँडरिनमध्ये बोलायला लागली.

"तू... जेव. बदक आहे. बदक चांगला. तू पोट... भरला?"

दोन्ही छापे.

"भरला? सांग."

दोन्ही काटे.

पेइ शान पुढे होऊन हळूच म्हणाली, "मा, आपल्या भाषेत विचार ना! बाबांना कुठे येत होती मँडरिन?"

"पोरगी उभी आहे," गेक चू मागे न बघता पुटपुटली. "बाईंची अट आहे ना? मग त्यानेही शिकावं. पडूनच तर आहे तो."

"मा, खड्ड्यात गेली अट! तू बोल."

गेक चू वळली. डोळे कोरडे होते.

"आज बोलते. आणि उद्या? उद्या घरी बोलू तिच्याशी?"

पेइ शानने तोंड उघडलं. हो, एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे पहिलीचा वर्ग आला, खदाखदा हसणारी पोरं आली, ऑफिसातलं बंद दार आलं. हो काही तिच्या तोंडून निघालं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, तरीही निघालं नाही. तिने शुआनचा हात धरला आणि तिला कोनाड्यांच्या ओळीच्या टोकापर्यंत घेऊन गेली, आईला मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

मागून गेक चूचा आवाज आला, तेओचूत, धबाधबा. बदक यंदा खारट झालंय, गुडघा रात्री झोपू देत नाही, शेजारीण लेकाकडे राहायला गेली, बोलायला म्हणून कोणी उरलं नाही रे, दिवसभर भिंती बघते. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं ती नवऱ्यापुढे ओतत होती. पेइ शानला त्यातला शब्दन् शब्द कळत होता आणि रडू आवरत नव्हतं.

नाणी वाजली. गेक चू म्हणाली, "हं, भरलं."

पेइ शानने खाली पाहिलं. शुआनने दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते.

"मी ऐकत नाहीये, मम्मी," ती अगदी स्वच्छ मँडरिनमध्ये म्हणाली, आणि आई शाबास म्हणेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.