लेइ गुरूचे सात पिवळे कागद

चिंगतिएनच्या वागण्याला लाज म्हणून काही उरली नव्हती. साठी उलटलेला गावचा मुखिया, आणि भर चौकात लेइ गुरू नावाच्या एका उपऱ्या बाबाच्या डोक्यावर छत्री धरून उभा! पाऊस पहाटेआधीच थांबला होता. बाबाचं टक्कल उन्हाने तापू नये म्हणून ही चाकरी. तिकडे वीज कंपनीची इंजिनियर यूवेन गुडघाभर चिखलात पहाटेपासून तारा गोळा करत होती, तिला या माणसाने घोटभर चहा विचारला नव्हता. लुआन आजी कालवांच्या पालथ्या टोपलीवर बसून हे बघत होती आणि दात आवळत होती. चिंगतिएन तिचा सख्खा दीर. म्हणजे तोडून बोलायचा हक्क जन्माचा.

चौकात जत्रा उसळली होती. रात्रीच्या तुफानाने हायवेई गावची अर्धी कौलं नेली, सुरूची झाडं मुळासकट उपटली. पण किनाऱ्यालगतच्या दहा विजेच्या खांबांपैकी सात ताठ उभे! त्या सातांवर लेइ गुरूचा मंतरलेला पिवळा कागद, लाल अक्षरांसकट, कोरा करकरीत. देवळासमोरचे तीन खांब आडवे, आणि त्यांच्यावर कागद नाही. आणखी काय पुरावा हवा? फटाक्यांच्या माळा तडतडत होत्या, बायका खांबांना उदबत्त्या ओवाळत होत्या, कुणी तर एका खांबापुढे अख्खं शिजवलेलं बदक मांडलं होतं. खांब काही बदक खात नव्हता, पण मांजराची चंगळ झाली होती.

"काल दुपारी तुम्ही दारं लावून बसलात, मी एकटा कागद डकवायला बाहेर पडलो!" लेइ गुरू बाह्या फडकवत गिरक्या घेत होता. "समोर तुफानाचा ड्रॅगन! म्हटलं, लेका, हे दहाही माझे! तर पाय धरून रडायला लागला, गुरुदेव, उपाशी आलोय, तीन तरी ठेवा! मला आली दया!"

"वा! काय मन आहे!" गर्दी हेलावली.

"एवढी दया होती तर त्याला बदक द्यायचं होतं," लुआन आजी टोपलीवरूनच म्हणाली. "माझ्या घरचा खांब कशाला दिला?"

हेच तर दुखणं होतं. पडलेल्या त्या तीन खांबांवरच तिच्या गल्लीची वीज. तिच्या म्हाताऱ्याची फुप्फुसं निकामी झालेली, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर. वीज गेली, मशीन गप्प झालं, बॅटरीही संपली, तेव्हा भर वाऱ्यात त्याला कालवांच्या हातगाडीवर घालून तिने शाळेच्या जनरेटरपर्यंत ढकलत नेलं होतं. आता तो गाडीवरच, नाकात नळी आणि मांडीवर छोटा सिलिंडर घेऊन, तमाशा बघत होता. आणि चार दिवसांत दुसरं तुफान येणार, असं रेडिओ सकाळपासून घोकत होता.

यूवेनच्या हातात एक फॉर्म होता. देवळासमोर खोल खणून तीन नवे खांब रोवायला मुखियाची सही हवी होती. लेइ गुरूचं म्हणणं, तिथे खणलं तर जमिनीखालच्या ड्रॅगनचा कणा मोडेल. जुनेच खांब जुन्याच खड्ड्यात उभे करा, या खेपेला मी तिन्हींनाही कागद लावतो. दोन महिन्यांपूर्वी याच कण्याच्या भीतीने चिंगतिएनने तिथलं काम थांबवलं होतं.

"पोरी, नवे खांब नकोत आम्हाला," चिंगतिएन यूवेनला म्हणाला. "कागद पुरेत."

"काका, निदान ऐकून तरी—"

"गुरुदेवांपुढे वाद नको!"

लुआन आजी उठली. शाळेत ती दोनच वर्षं गेली होती, पण नववर्षाला दारावर लाल कागद डकवायचं काम पन्नास वर्षं तिचंच. यंदाही तिने तांदळाची घट्ट खळ लावून डकवले होते, आणि रात्रीत त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. मग याच्या कागदाला साधी सुरकुती कशी नाही? ती पहिल्या खांबाशी गेली. खांब समुद्राच्या चिखलाने आणि मिठाने माखलेला, कागद मात्र न्हाऊन आलेल्या नवरदेवासारखा.

"हात लावू नका! वीज कोसळेल!" लेइ गुरू किंचाळला.

"कोसळू दे की. गल्लीत नाहीतरी वीज नाहीच," आजी म्हणाली.

गाडीवर म्हातारा हसता हसता खोकायला लागला.

तिने नखाने कोपरा उचलला. खळ अजून ओली होती. कागद सपकन सुटला, आणि त्याच्या खाली, खांबाला घट्ट चिकटलेलं, हिरवंगार शेवाळ.

"हे ओळखता का गं?" आजीने ते बोटावर घेऊन बायकांना दाखवलं.

"हे तर आपल्या कालवांच्या बांबूंवरचं!"

"बांबू कुठे? पार भरसमुद्रात. काल दुपारी हे तिथेच होतं, रात्री तुफानाबरोबर उडून इथे आलं. मग दुपारी डकवलेल्या कागदाच्या खाली ते शिरलं कसं? दार वाजवून?"

बायकांच्या माना लेइ गुरूकडे वळल्या.

"ड्रॅगननं सरकवलं!" लेइ गुरू म्हणाला.

"हो का? कागद न फाडता? फार हलक्या हाताचा बाई तुमचा ड्रॅगन, आमच्याकडे कालवं सोलायला पाठवा!"

हशा असा फुटला की मांजर बदक टाकून पळालं. आणि मग सगळी गर्दी खांबांकडे सुटली. दुसऱ्या कागदाखाली वाळू, तिसऱ्याखाली सुरूची पानं, पाचव्याखाली तर चपटी झालेली अख्खी कोळंबी. "इथे पण! इथे पण!" बायका लग्नघरासारख्या ओरडत होत्या. तुफान ओसरल्यावर, गाव दारं उघडायच्या आत, याने उभे खांब बघून बघून कागद डकवले होते. आडव्या खांबांना लावायचं कारणच नव्हतं.

"मग हे सात पडले का नाहीत?" एकीने विचारलं.

यूवेनला शेवटी बोलायला मिळालं. "मावशी, हे आम्हीच दोन महिन्यांपूर्वी बदललेत. जुन्यांच्या दीडपट खोल गाडलेत, बुंध्याला काँक्रीट ओतलंय, दोन्ही बाजूंनी ताणाच्या तारा आहेत. वरून दिसायला जुने-नवे सारखेच. देवळासमोर काम अडलं, तिथले जुने राहिले, तेच पडले."

लेइ गुरूला मात्र हे ऐकायला सवड नव्हती. तो बाह्या गोळा करून बसथांब्याकडे निघाला होता, मागे पोरांची हुर्यो.

चिंगतिएन मिटलेली छत्री धरून जागच्या जागी उभा होता. "वहिनी," तो पुटपुटला, "मी गावाच्या भल्यासाठीच..."

लुआन आजीने यूवेनकडून फॉर्म आणि पेन घेतलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"भाऊजी, समुद्रदेवी माझू आईला उदबत्ती मीही लावते, तुम्हीही लावा. पण खांब कशावर उभा राहतो, हे खांब रोवणारीला विचारायचं, आणि कुणी चमत्कार म्हटलं की आधी कागद उचलून खाली बघायचं. एवढं करायला शाळा लागत नाही. तुम्ही दुष्ट नाही हो, भित्रे आहात. पण मुखियाच्या भित्रेपणापायी काल रात्री तुमचा सख्खा भाऊ हातगाडीवर श्वास मोजत होता. सही करा, आणि उद्या खणताना पहिली कुदळ तुम्ही मारायची."