श्वास घेणारा दिवा

ठाकुर्लीतल्या त्या हॉलबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. आत दोनशे माणसं मांडी घालून बसलेली. समोर चौरंगावर पितळी पादुका, भोवती झेंडूची फुलं, मागे काचेचा दिवा. ना तेल, ना वात. भक्तानं पादुकांपुढे मान झुकवली की दिवा आपोआप लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. माणसं रडत होती.

"देव श्वास घेतोय," ज्योतीनाथ महाराज माइकवरून सांगत होते. "ज्याच्यासाठी श्वास घेतला, त्याचा रोग माझा. औषधं टोपलीत टाका अन् मोकळे व्हा, माउली."

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या शेजारच्या विमलाबाईंनी याच टोपलीत डोळ्यांचे थेंब टाकले होते. त्यांना काचबिंदू आहे. थेंब चुकवले तर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. मी हॉलमध्ये आले त्याच दिवशी सकाळी त्या पॅसेजमधल्या सायकलला धडकल्या, तेव्हा मला टोपलीचं हे सगळं कळलं. मी भडकले. "एकदा येऊन बघ तरी सुमती, मग बोल," त्या म्हणाल्या. म्हणून मी त्यांच्याबरोबर आले होते, आणि रागानंच आले होते.

दिवा बघितला आणि मला तो ओळखीचा वाटला.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात शाळेत मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे दिवे-मोटारी चालवणाऱ्या चिमुकल्या संगणकांचा खोका आला. मुलांना शिकवण्याआधी आपण शिकावं म्हणून मी पहिलाच धडा करून बघितला: उजेड ओळखणारा सेन्सर जोडायचा, अंधार पडला की दिवा लागला पाहिजे. माझा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. "याला उचकी लागलीय," आमच्या शाळेतल्या शुभदाबाई म्हणाल्या. दोन दिवस डोकं फोडल्यावर चूक सापडली. मी दिवा सेन्सरच्या अगदी जवळ लावला होता. दिवा लागला की सेन्सरला वाटायचं उजाडलं, मग तो दिवा विझवायचा, की पुन्हा अंधार.

माझी पाळी आली. "मान झुकवा, माउली."

मी मान झुकवली नाही. विमलाबाईंची मेथीची पिशवी पादुकांवर आडवी धरली. सावली पडली आणि दिवा श्वास घ्यायला लागला.

"मेथीचीही भक्ती मोठी आहे," मी म्हणाले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"अश्रद्ध हात लागला की देव कोपतो," महाराज म्हणाले.

"कोपू दे." पिशवी तशीच धरून मी दुसऱ्या हातानं, दारात वाटलेलं त्यांचंच पत्रक दिवा आणि पादुकांच्या मध्ये उभं धरलं. दिवा लागला तो लागलाच, लुकलुकणं बंद. "आता काय, देवानं श्वास रोखून धरलाय?"

फुलं बाजूला केली. खाली मुगाएवढा सेन्सर, चार वायरी, चौरंगाखाली बोर्ड आणि पॉवर बँक. लोकांना फसवायला बसलेल्या माणसानं निदान जोडणी तरी धड करायची. माझी चूक, जशीच्या तशी, आणि हा तिला देव म्हणत होता.

"यंत्र फक्त निमित्त असतं," महाराज पुटपुटले. दोन सेवेकरी माझ्याकडे सरकले. मध्ये विमलाबाई उभ्या राहिल्या.

"तिला हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "माझी बाटली कुठंय ते सांग आधी."

बाटली अर्थातच नव्हती. आम्ही तिथूनच डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती. उरलेली टिकवायची तर रोज थेंब घालायचे. आता ते मी घालते.

चमत्कार बघायला जरूर जा. फक्त मान झुकवण्याआधी तिथे आपली पिशवी धरून बघा. जे पिशवीसाठीही घडतं, त्याच्या जिवावर औषध सोडू नका. विमलाबाईंना आता डावीकडून कोण येतंय ते दिसत नाही. मी लांबूनच हाक मारत जाते.