शेंदलेलं पाणी

"हात वर करू नगासा म्हणून किती वेळा सांगायचं? बटणं मी काढतो की!"

"बटणं काढाय काय पैलवान लागतोय? लकवा मारलाय व्हय मला?"

असं म्हणून ह्यांनी स्वतःच शर्टाची बटणं काढली आणि खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले. अठ्ठावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत पोरींना 'मी जाते, मी करते' शिकवलं. पण घरात आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतो, आणि भांडताना तर नक्कीच. सध्या घरात दिवसातून दोन वेळा भांडण ठरलेलं होतं. सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सात वाजता. ह्यांच्या छातीला जेल लावायच्या वेळेला.

गळ्याच्या खळीपासून पार पोटाच्या वरपर्यंत वीतभर वण. अजून जांभळट-लाल, मध्ये मध्ये फुगलेला. मी बोटावर मुगाच्या दाण्याएवढं जेल घ्यायची आणि वरून खाली अलगद पसरायची. मग पाच मिनिटं वाळू द्यायचं, तोवर शर्ट घालायचा नाही. ही पाच मिनिटं हे असे बसायचे, जणू काही मी ह्यांना चौकात उघडं बसवलंय.

दवाखान्यातल्या क्रांती सिस्टरनं घरी सोडताना सगळं नीट सांगितलं होतं. हळद नाही, तेल नाही, तूप नाही. चोळायचं नाही. वणावर ऊन पडू द्यायचं नाही. खोकताना छातीशी उशी धरायची. दोन लिटर दुधापेक्षा जास्त वजन तीन महिने उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, कारण आत हाड तारांनी बांधलंय. ओढ बसली की वण रुंद होतो आणि हाड हललं तर त्याहून वाईट. मी घरी आल्या आल्या ते सगळं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवलं.

"तारा बांधायचा धंदा माझा," ते वाचून हे म्हणाले होते, "आनि माझ्याच छातीत दुसऱ्यानं बांधल्या."

बायपासनंतर हे एवढं एकच हसण्यासारखं बोलले. बाकी सगळा राग. भेटायला येणाऱ्यांचा राग, कारण जो येईल तो "दाखवा की बापूसो, कुठवर फाडलंय" म्हणायचा. माणसं पेरू-सफरचंदं घेऊन यायची आणि शर्टाकडे बघत बसायची. जयसिंगपूरच्या एका वहिनींनी तर हळद-तुपाची वाटी काढून बोट पुढं केलं. मी त्यांचा हात धरला. त्या रुसून गेल्या त्या अजून रुसलेल्याच आहेत. रुसू देत.

आमचे हे म्हणजे उद्यमनगरातले मोटर रिवाइंडिंगवाले बापूसो. आजऱ्यापासून वारणेपर्यंतचे शेतकरी जळलेल्या मोटारी घेऊन ह्यांच्याकडे यायचे. जळकी तार काढायची, नवीन तांब्याची तार भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं. चाळीसेक वर्षं हेच. पेपरात नाव यावं असं काही नाही. हाताच्या रेषांत वार्निश बसलेलं, ते साबणानं कधी गेलं नाही. बोलणं कमी, रागावणंही कमी. आता बघायला मिळतोय तो सगळा साठवलेला असावा.

पण सकाळी हा माणूस वेगळा असायचा. पहाटे अंघोळ, शुद्ध पांढरं धोतर, उघड्या अंगावर उपरणं, आणि गल्लीच्या टोकाला आमची जैन बस्ती, म्हणजे देऊळ आहे, तिथं अभिषेकाला. बस्तीच्या आवारात विहीर आहे. अभिषेकाला पाणी तिचंच लागतं, तेही दोरानं शेंदलेलं. मग दुपदरी कापडातून गाळायचं, आणि कापडात अडकलेले बारीक जीव, त्याला जिवाणी म्हणतात, ते त्याच विहिरीत बादली हळू उतरवून परत सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, मरतात. पाणी शेंदायचं काम ह्यांचं आणि पहिला कलश ह्यांचा. एकेचाळीस वर्षं. सुतक-सोयर सोडलं तर खाडा नाही.

आणि अंघोळीपासून बस्तीतून परत येईपर्यंत ह्यांना कुणी शिवायचं नाही. दिवसातला ह्यांचा माझ्याशी पहिला शब्द म्हणजे "लांब!" स्वयंपाकघरातून मी बाहेर आले की लांब. चपला शोधत असले की लांब. मी दोन पावलं मागं सरायची, हे जायचे. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. हिशोब करायचा तर करा.

आमचा मुलगा अनेकांत पोटात होता तेव्हा एकदा चहाचं उकळतं आधण माझ्या पायावर सांडलं. मी खाली बसले, ओरडले. हे धोतर नेसून दारात उभे होते. तोंड पांढरंफटक पडलेलं, खोटं कशाला बोलू. पण उंबरा ओलांडून आत आले नाहीत. "बाळाबाईला हाक मारतो," म्हणाले, आणि शेजारच्या बाळाबाईनं येऊन माझ्या पायावर पाणी ओतलं. पायावर तो वण अजून आहे. त्याला कुणी जेल लावलं नव्हतं.

मी हे विसरलेले नाही.

सातव्या आठवड्यात घात झाला. जेलची ट्यूब संपली म्हणून मी सकाळी औषधाच्या दुकानात गेले. तेवढ्यात बस्तीच्या विश्वस्तांपैकी जिनेंद्र, हा आमच्याच गल्लीतला, बिल्डर, घरी डोकावून गेला. बोलता बोलता म्हणाला, ह्यांच्या जागी पाणी शेंदणारे बस्तीचे पुजारी उपाध्ये गावाला गेलेत, त्यामुळं आठ दिवस झाले नळाचं पाणी वापरतोय. त्याला वाटलं, सांगण्यासारखी साधी गोष्ट आहे.

मी परत आले तर खुर्ची रिकामी, शर्ट खुंटीला, आणि दोरीवरचं धोतर नाही.

मी धावले. सासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखतात तरी, गल्लीतून धावले. विहिरीवर हे उघड्या अंगानं उभे, दोन्ही हातांत दोर, बादली अर्ध्यात आलेली.

"सोडा! सोडा आदी ती!"

"सोडली तर आपटंल की पाण्यात," हे दात आवळून म्हणाले, "खालचं जीव मरत्यात."

आणि ओढली. हात-हात करत पार वरपर्यंत ओढली, काठावर नीट ठेवली, थेंब सांडू दिला नाही. मग छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आत टक् झालं," म्हणाले.

मी ह्यांना रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. एक्स-रेत एक तार तुटलेली दिसली, आणि वणाचं खालचं टोक बोटभर उसवून त्यातून पाणी येत होतं. क्रांती सिस्टर ड्रेसिंग करताना मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही लक्ष द्यायला पायजे होतं."

"मी? एकोणसत्तर वर्सांच्या माणसाला खांबाला बांधून ठेवू व्हय? दिवसाला दोन वेळा जेल लावतोय, उशी देतोय, बटणं काढाय गेलो तर अंगावर येतोय ह्यो माणूस! ह्यास्नी विचारा की!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. बघू दे म्हटलं. सिस्टरनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं." पलंगावर हे डोळे मिटून पडलेले, झोपलेले नव्हते.

पंधरा दिवस दवाखान्यात गेले. पुन्हा शिवलं, छातीला पट्टा दिला. सुट्टी देताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. खालचा वण आता रुंद आणि उचललेलाच राहणार, कितीही जेल लावलं तरी. आणि दोर ओढायचा नाही. तीन महिने नाही, सहा महिने नाही, कधीच नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जिनेंद्र आला. चेहरा पडलेला होता, पण तोडगा घेऊनच आला होता.

"मामा, कमिटीत सगळ्यांनी ठरवलंय. हिरीत मोटर बसवूया. टाकी बांदतो मी, माज्या खर्चानं. आनि मोटर तुमच्या हातची. तुमच्याबिगर कोन बसवनार?"

मला वाटलं हे ओरडतील. हे अगदी हळू बोलले.

"जिनेंद्र, मोटारीच्या आत पंखा असतोय. म्हायतीय तुला?"

"व्हय की."

"न्हाय म्हायती. चाळीस वर्सं मी त्यो खोलून बघितलाय. बेडूक, मासं, शिंपल्या, सगळ्याचा चेंदा हुन त्येला चिकटलेला असतोय. मी खरडून काढलाय त्यो, या हातानं. लोकांच्या शेताला पानी लागतंय म्हणून गप बसलो. पोट भरलं त्याच्यावर. आनि देवाच्या अंगावर त्येच पानी घालू? माज्याच हातानं?"

जिनेंद्र चुळबुळ करत म्हणाला, "मग शेंदनार कोन मामा? उपाध्यांचा खांदा धरलाय, त्येस्नी हुईना. पोरं सकाळी उठत न्हाईत. तुमी शेंदनार?"

ह्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. लावलेलंच होतं, तरी परत चाचपलं. जिनेंद्र चहा न घेता गेला.

संध्याकाळी सातला मी जेल आणलं. ह्यांनी हात आडवा घातला.

"आता कशाला लावतीस? वण जायाचा न्हाई म्हणून सांगितलं न्हवं डॉक्टरनं? ऱ्हाऊ दे."

माझं डोकंच फिरलं. ट्यूब टेबलावर आपटली.

"वण जावा म्हणून लावतोय व्हय मी? तुमास्नी काय लग्नाला उभं करायचंय परत? एकुनचाळीस वर्सं रोज सकाळी 'लांब' म्हणालासा मला. पाय भाजला तवाबी उंबऱ्यावर हुबा ऱ्हायलासा. कदी म्हणून सकाळच्या पारी हात लावू दिला न्हाईसा. आता ह्ये दोन महिनं लावायला मिळतोय. मिळतोय तवर लावणार मी. हात काढा!"

ह्यांनी मग आडवा घातलेला हात खाली घेतला. मी वरून खाली, वरच्या सरळ वणाला जेल लावलं. खालच्या टोकाला पट्टी होती, तिथं बोट थांबवलं. पाच मिनिटं दोघंही खिडकीकडे बघत बसलो. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मी बघितलं नाही. माझ्या होतं, आणि त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंघोळ केली. पर्वाच्या दिवसांसाठी ठेवलेली पांढरी शुद्ध साडी नेसले, घरातली तांब्याची कळशी आणि कापड घेतलं, आणि निघाले. हे मागून आले. पट्ट्यावर शर्ट, पायात स्लीपर. कुठं चाललीस म्हणून विचारलं नाही.

बस्तीच्या दारात जिनेंद्र नळाची बादली घेऊन उभा होता.

"अक्काताई, तुमी शेंदनार?" म्हणाला.

"बायकांनी पानी आनू ने असं कुटं लिवलंय? दाव मला. न्हाईतर बाजूला हो."

तो बाजूला झाला. उपाध्ये गाभाऱ्यातून बघत होते, मग परत पूजेच्या ताटाकडे वळले.

दोर माझ्या हाताला नवा होता. पहिल्या बादलीलाच तळवे सोलले. ओढायला जोर लागतो तो छातीतून लागतो, हे मला तेव्हा कळलं. मागून हे सुरू झालेच.

"काठाला घासू नगो. एकदम न्हाई, हात-हात. पाय भित्तीला टेकव."

"गप बसा."

"अगं, पानी हिंदकळतंय."

"हिंदकळू दे. गप बसा म्हणतोय न्हवं!"

बादली काठाशी आली. मला ती उचलून आत घेता येईना, दोर हातातून सरकायला लागला. ह्यांना राहवलं नाही. सवयीनं पुढं आले, बादलीच्या कडीला हात घालायला.

"लांब!" मी ओरडले.

हे जागच्या जागी थांबले. पुढं केलेला हात तसाच हवेत राहिला. मग तो मागं घेतला, खोकताना धरायला शिकवलंय तसा छातीशी धरला, आणि दोन पावलं मागं सरकले. बरोबर दोनच.

मी बादली एका हिसक्यात आत घेतली. कळशीच्या तोंडावर कापड दुपदरी केलं, पाणी गाळलं. मग कापड उलटं करून बादलीत धुतलं, आणि ते जिवाणीचं पाणी परत विहिरीत सोडायला दोर हळूहळू उतरवला, बादली पाण्याला टेकेपर्यंत.