बाहेरचा अर्धा भाग

“हे कानाला लावायचं यंत्र आहे ना? मग झालं तर,” साहेब म्हणाले आणि कागद त्यांनी उत्कर्षाकडे परत सरकवला. “चष्मा, कुबड्या, श्रवणयंत्र. यांचे पैसे विम्यात मिळत नाहीत. आपण पॉलिसी वाचली असेलच.”

उत्कर्षाने वाचली होती. शेजारच्या खुर्चीत तिची पाच वर्षांची ऋतुजा पाय हलवत बसली होती. साहेबांच्या डोक्यावरचा पंखा केव्हापासून खडखडत होता आणि त्या खोलीत त्याचा त्रास होत नसलेली ती एकटीच होती.

“साहेब, हे श्रवणयंत्र नाही. ऑपरेशन करून आत बसवलंय, त्याचाच हा अर्धा भाग आहे.”

“पण बाहेर आहे.”

“हो, बाहेर आहे.”

“मग बाहेरचंच म्हणायचं ना त्याला,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

ऋतुजाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना सरकारी योजनेतून तिचं ऑपरेशन झालं. यंत्राचा एक भाग डोक्याच्या कातडीखाली कायमचा बसवला आणि दुसरा कानामागे अडकवायला दिला. बाहेरच्याने आवाज पकडायचा, आतल्याला पोचवायचा. एकाशिवाय दुसरा निर्जीव. बाहेरचा भाग दिवाळीनंतर बंद पडला आणि दुरुस्त होणार नाही असं कळलं. नवीन घेणं घरच्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. नवरा, शंभू, शिरवळला कारखान्यात कामाला होता. कारखान्याने कामगारांच्या बायकामुलांचाही विमा काढलेला होता. त्या भरवशावर दोघं निश्चिंत होती.

यवतमाळकडून लग्न होऊन पुण्यात आल्यावर उत्कर्षाने कात्रजच्या त्या दोन खोल्यांत पहिली काही वर्षं फार शांततेत काढली होती. मूल झालं तरी घर गप्पच होतं. मग मशीन लागलं, आणि कर्वेनगरला सरोजिनीताईंकडे शिकवणी सुरू झाली. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यात ताईंचं आयुष्य गेलं होतं. पोरीला ओठ दिसू नयेत म्हणून त्या तोंडासमोर रुमाल धरायच्या आणि एकेक शब्द तिच्या कानात रुजवायच्या. भू, मऊ, दे, नको. मग एक दिवस आई. वर्षभरात घरात इतकी बडबड सुरू झाली की उत्कर्षा कधीकधी लटक्या रागाने तिला गप्प बस म्हणायची. आता तो राग आठवला की ती हातातलं काम थांबवून उभी राहायची.

शब्द एकदम गेले नाहीत. आधी त्यांची टोकं गेली. ‘बाबा’चा ‘बा’ झाला, ‘पाणी’चा ‘पा’ झाला. नंतर नुसते ओठ हलायला लागले, आणि पुढेपुढे ऋतुजा हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवून मोकळी व्हायची.

“मशीन नसलं तरी तिच्याशी बोलत राहा,” सरोजिनीताई म्हणाल्या. “तिला वाटायला नको की बोलणं बंद झालंय.”

म्हणून उत्कर्षा बोलत राहायची. भाजी निवडताना, वेणी घालताना, तिला समोर बसवून, ओठ मोठे करून. शंभू पूर्वी जिन्यातूनच लेकीला हाक मारत यायचा आणि ती दारापर्यंत धावायची. आता तो न बोलता आत यायचा आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. एकदा जेवता जेवता त्याने विचारलं, “तिले माहा आवाज आठवत असंन का?”

उत्कर्षाने त्याच्या ताटात भात वाढला.

तिने विमा कंपनीच्या वरच्या कचेरीत दाद मागितली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना गाठून दोन्ही भाग मिळून एकच यंत्र असतं असं लिहून आणलं. ऐन उन्हाळ्यात तिला बोलावणं आलं, तेव्हा ती ऋतुजाला घेऊन गेली. टेबलापलीकडे तिघं बसली होती, त्यांत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “पण याचा तिला खरंच उपयोग होत होता का? नुसता आवाज येणं वेगळं, तो समजणं वेगळं.”

उत्कर्षाने पर्समधून फोन काढला. त्यात शंभूने मागे घेतलेला एक व्हिडिओ होता. मशीन बंद पडल्यापासून तिने तो उघडला नव्हता. आता तिने तो लावून फोन टेबलावर मधोमध ठेवला.

त्यात ऋतुजा जमिनीवर बसून डब्यांची झाकणं मांडत होती. स्वयंपाकघरातून चर्र आवाज आला. तिने मान वर केली, क्षणभर ऐकलं आणि जोरात ओरडली, “आई, दूध! दूध!” मागून शंभूचं हसणं ऐकू आलं.

खुर्चीतली ऋतुजा पुढे वाकली होती. पडद्यावर स्वतःला पाहून तिला फार मजा वाटली. त्यातल्या मुलीने तोंड उघडलं तसं तिनेही उघडलं, अगदी तसंच. आवाज आला नाही. तिने हसून आईकडे पाहिलं, बरोबर जमलं ना, अशा नजरेने.

डॉक्टरबाईंनी हात पुढे करून व्हिडिओ थांबवला.

मशीन मंजूर झालं. अर्जात सरोजिनीताईंच्या शिकवणीचा खर्चही मागितला होता, त्याला मात्र नकार आला. ते उपचार नव्हेत, शिक्षण आहे, असं उत्तर होतं. पुढच्या सोपस्कारांत पावसाळा गेला. नवं मशीन ज्या दिवशी सुरू केलं त्या दिवशी ऋतुजा किंचाळली आणि तिने ते कानामागून ओढून काढलं. शंभू रजा टाकून आला होता. हाक मारायला तो घसा साफ करून तयार उभा होता. तो तसाच राहिला.

“आवाज म्हणजे काय हेच ती विसरलीय,” सरोजिनीताई म्हणाल्या. “आपण पहिल्यापासून सुरू करू. तुम्ही यायचं थांबवू नका, बाकीचं माझं मी बघते.”

काही आठवड्यांनी ती मशीन ठेवू द्यायला लागली. एका संध्याकाळी शिकवणीहून परतताना दोघींना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सिग्नलला बस अडकली. उत्कर्षाने हलकेच हाक मारली, “ऋतू.” तिने वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. ती खिडकीच्या दांड्यावरून बोट फिरवत राहिली.

तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. ऋतुजाचं बोट थांबलं. तिने झटकन मान वळवली आणि कानावर हात नेला, पण मशीन काढलं नाही. डोळे मोठे करून ती आवाज शोधत राहिली. हॉर्न वाजतच होता. एका आजोबांनी कान झाकून घेतले, कंडक्टरने मागे बघून शिवी हासडली. उत्कर्षा लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत बसली. सिग्नल इतक्यात सुटू नये, असं तिला वाटत होतं.