मधल्या काळाचा दाखला

"मधली अकरा वर्षं काय करत होता?" थेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं.

"सासऱ्यांना पक्षाघात झाला होता," नलिनी म्हणाली. "त्यांना थेरपी देत होते."

"कुठल्या हॉस्पिटलात?"

"घरी. घाटकोपरला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या. घरी केलेलं काम धरत नाहीत, एवढंच त्यांनी समजावून सांगितलं. ऑक्युपेशनल थेरपीची पदवी असली, तरी इतकी वर्षं बंद पडलेली नोंदणी पुन्हा चालू करायची तर मधल्या कामाचा दाखला हवा. नाहीतर सहा महिने एखाद्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून, बिनपगारी. सासऱ्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तर मात्र त्या अर्ज पुढे पाठवणार होत्या.

नलिनीपाशी सहा महिने नव्हते. मुलुंडच्या विशेष मुलांच्या शाळेने तिची निवड केली होती, पण जूनच्या आत नोंदणी हवी होती.

डॉक्टर कर्णिक लगेच तयार झाले. तिच्या सासऱ्यांचा, लवू परबांचा, उजवा हात लाकडासारखा पडलेला त्यांनी पाहिला होता, आणि वर्षभरात त्याच हाताने चमचा धरलेलाही. "माका आता भरवू नको" हे लवूंचं आजारानंतरचं पहिलं धड वाक्य, तेही डॉक्टरांच्या लक्षात होतं. पुढे दुसरा झटका आला आणि नलिनीने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, त्यालाही ते साक्षीदार होते. पण लवू आता हयात नव्हते; त्यांचं नाव घालून दाखला द्यायचा, तर मुलाची, म्हणजे नलिनीच्या नवऱ्याची, संमती हवी.

"राजेशची सही आण," ते म्हणाले. "मी इथेच आहे."

राजेशने संमतीचा कागद दोनदा वाचला आणि टीव्हीचा आवाज कमी केला.

"बाबा तुझे पेशंट होते?"

"मग कोण होते?"

"सासरे होते, नलू. तेराव्याला अख्खं गाव म्हणालं, सून असावी तर अशी. आणि आता त्याचं सर्टिफिकेट काढायचं? ताईला काय सांगू मी?"

नलिनीने त्याला आठवण करून दिली. सांताक्रूझच्या हॉस्पिटलातली नोकरी तिने त्याच्याच शब्दावर सोडली होती. तुला सगळं येतं ना, मग बाहेरचा माणूस कशाला, असं तोच म्हणाला होता.

"हो, म्हणालो. पण केलं आपण सगळ्यांनीच ना गं. गोळ्या मीच आणायचो."

तो चिडला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. कागद सही न करता त्याने तिच्या हातात परत दिला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

जूनमध्ये शाळेने दुसरी मुलगी घेतली. नलिनीने अंधेरीच्या एका हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून नाव घातलं. कोणी विचारलं तर राजेश सांगायचा, बाबा गेल्यापासून तिला घरात करमत नाही.

पहिल्याच दिवशी गंधाली नावाची थेरपिस्ट तिला एका आजोबांच्या खाटेपाशी घेऊन गेली. पोरगी पंचविशीची, कामात हुशार आणि बोलायला गोड. आजोबांना सदरा घालायचा होता. लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर, आणि काढताना बरोबर उलट, असं तिने हळूहळू समजावलं. हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, हेही सांगितलं.

"टेन्शन नका घेऊ, मॅम. याआधी कधी कोणाचं केलंय असं?"

नलिनीने आजोबांचा लुळा हात उचलला आणि कोपर आपल्या तळव्यावर तोलून धरलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकवा."