दुमडलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता निम्मी पुसली गेली आहे. किती पडदे आणि झबली शिवली, ते सांगायला मला आवडले असते. पण आज माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे.

कारखान्यातून मी थेट आत्याबाईंकडे आले. "हिच्यापुढे चामडंसुद्धा लोणी!" असे त्या येईल त्याला सांगत. ऐकून ऐकून मी फुगले.

एकदा त्यांनी भावाच्या घरासाठी मोठी गोधडी शिवायला घेतली. पाच माणसे तिच्याखाली झोपतील एवढी. वर रंगीत तुकडे, मध्ये कापूस, खाली जुनी चादर. माझ्या बगलेत जागा जेमतेम वीतभर. मग तिची वळकटी करून आत खुपसली आणि उरलेले ओझे भाचीने खांद्यावर धरले. मुलगी चपळ, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिला शिवण शिकायचे होते. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "ही गोधडी नीट पार पडू दे, मग तुला मशीनवर बसवते."

टाक्यांच्या प्रत्येक ओळीआधी खाली काही दुमडले नाही ना, हे खालून हात फिरवून पाहणे हे तिचे काम.

"फिरवलास का गं?"

"फिरवला, आत्या. साफ आहे."

"नुसता तोंडानं नाही ना?"

"तोंडाला बोटं असतात का?"

शेवटच्या ओळीलाही तिने हात फिरवला. त्यानंतर आत्याबाईंनीच गोधडी जरा ओढली आणि एक कोपरा दुमडून खाली सरकला. सुईखालून कापड पुढे ढकलणाऱ्या माझ्या दात्यांना ती जाडी लगेच लागली. दोरा तोडून मी थांबू शकले असते. पण दारात शेजारीण उभी होती. "काय झरझर चालते हो!" ती म्हणाली, आणि मी तशीच धावले.

गोधडी उचलली, तर कोपरा तिच्याच पोटाला शिवलेला! आत्याबाईंनी हिसका दिला. चादर टर्रकन फाटली.

"हात फिरवला म्हणे! खोटारडी कुठली!"

"आत्या, खरंच फिरवला होता गं."

"मशीनचं नाव काढू नकोस आता."

दोन दिवस खारूताई टाचणीने टाके उसवत बसली. घरी जाताना तिने माझ्या दात्यांत अडकलेला कापूस हलकेच काढला. मित्रांनो, त्यापेक्षा तिने मला लाथ मारली असती तर बरे वाटले असते.

शिवण ती पुढे दुसरीकडे शिकली. आत्याबाई थकल्यावर मी तिच्याच घरी आले. अजूनही ती खालून दोनदा हात फिरवते. आता जास्तीची जाडी लागली की मी दोरा तोडते. तिची लेक म्हणते, "आई, म्हातारी झाली ही, मोडीत दे." मी ऐकून घेते. तेवढा दोष माझ्या वाट्याला यायलाच हवा.

मला तेल द्या, माझे दाते साफ ठेवा. पण काही बिघडले, तर कोणाला खोटे ठरवण्याआधी एकदा कापडाखाली डोकावून बघा. त्या दिवशी खारूताईचा हात खरोखरच फिरला होता. तिला हे सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.