वाफेच्या होडीची तांडेलीण

"थांब भिकू. दिसभर होडी हाकून आली तुजी ती किशोरी. मंग सांजचा भात कोनी रांदला?"

थोरल्या बहिणीने, येसूबाईने एवढंच विचारलं आणि भिकूची कादंबरी भर किनाऱ्यावर वाळूत रुतली. रेवदंड्याच्या बंदरावर बायका दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर वाळत टाकत होत्या. त्यांच्यात बसून भिकू रोज दुपारी आपली वही वाचून दाखवायचा. चौतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळलेला हा माणूस रिटायर झाला आणि थेट कादंबरीलाच भिडला.

कादंबरीतलं रेवदंडं न्यारं होतं. तिथे नारळाच्या करवंट्या जाळून वाफेच्या होड्या चालायच्या. मासळीच्या लिलावातला पितळी तराजू लबाडी दिसली की शिट्टी मारायचा. आणि सगळ्यात मोठ्या होडीची तांडेल होती एक बाई, किशोरी. वादळात सुकाणू धरून ती चाळीस खलाशांना घरी आणायची.

भिकूने पानं मागे उलटली. किशोरीने होडी किनाऱ्याला बांधली, घरी गेली, पदर खोचला आणि चूल पेटवली. त्यानेच लिहिलं होतं, आणि लिहिताना त्याला कळलंही नव्हतं. बायकांची हसून मुरकुंडी वळली.

"नवऱ्यानं रांदला," भिकूने घाईघाईने पेन काढलं.

"येतं काय त्याला?"

"शिकंल."

एकटी त्याची सून मनाली हसली नाही. ती आयटीआयला डिझेल इंजिनाचं काम शिकलेली होती. घरच्या होडीचं इंजिन पंधरा दिवस खपून तिनेच नव्यासारखं केलं होतं. पण होडीत बाई बसली की मासळी रुसते, असं भिकूचा बाप म्हणायचा आणि भिकूही तेच म्हणत आला होता. त्यामुळे होडी वाळूवर असेपर्यंतच मनाली तिच्यात चढायची. पाणी लागलं की खाली उतरायची.

"बाबा, उद्या इंजिनाची चाचनी हाय," ती हातातल्या बोंबलाकडे बघत म्हणाली. "मना येऊ द्याल काय?"

"आगं, ती गोष्ट हाय पोरी."

"मंग आमाला कशाला वाचून दाखवता?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. भिकूने वही मिटली. त्या संध्याकाळी शेवटचं प्रकरण लिहायला तो बसला खरा, पण किशोरी काही होडीत चढेना. त्याला स्वतःचीच फार लाज वाटली.

सकाळी भरती आली. भिकू कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभा होता. मुलगा कमलेश सुकाणूपाशी होता. मनालीने इंजिन चालू केलं, आवाज नीट ऐकला आणि रोजच्या सवयीने हात पुसत खाली उतरायला पाय टाकला.

"उतरू नको," भिकू म्हणाला.

तिला वाटलं, काहीतरी बिघडलं. ती इंजिनाकडे वळली.

"इंजिन बरा हाय. सुकान धर."

कमलेश इतक्या झटकन बाजूला सरकला, जणू वर्षभर तो याच शब्दांसाठी खोळंबला होता. किनाऱ्यावरून येसूबाई म्हणाली, "मासली रुसली तर मी समजूत काढीन तिची." भिकूने दोर सोडला. होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली, थोडी वाकडी गेली, मग सरळ झाली. मनालीचा हसण्याचा आवाज इंजिनावरून ऐकू आला आणि भिकूचे डोळे भरून आले. त्याला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"आता वाच की पुढचं," येसूबाई म्हणाली.

"आता वाचाया येल न्हाय," म्हणत तो ओल्या लुंगीनेच घरी गेला.

घटकाभराने येसूबाई डोकावली तेव्हा भिकू चुलीपुढे उकिडवा बसला होता. समोर धुतलेले तांदूळ होते आणि तोंडावर मोठं कोडं.

"बाय, पानी किती घालू?"

"तांदलाच्या वर बोटाची दोन पेरं."

चौतीस वर्षं यंत्रांचे काटे वाचलेल्या भिकूने पातेल्यात बोट बुडवलं आणि वाकून नीट माप घेतलं.